रिपोर्ट नॉर्मल, तरी बरं का वाटत नाही?

थायरॉईडची गोळी चालू असलेल्या घरातली सकाळ ओळखू येते. उशाशी पाण्याचे भांडे, त्याला टेकून गोळ्यांची बाटली. उठल्या उठल्या एक गोळी घ्यायची आणि मग चहासाठी अर्धा-पाऊण तास थांबायचे. डबे भरायचे असतात, नळाला पाणी आलेले असते. त्या धांदलीत हा अर्धा तास सांभाळणे वाटते तितके सोपे नाही. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचे, टीएसएचचा आकडा पाहायचा, पन्नासची गोळी पंच्याहत्तरची करायची किंवा पुन्हा खाली आणायची. आकडा जागेवर आला की डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट छान आहे." त्यावर अनेकींचे उत्तर ठरलेले असते: "पण मला बरं वाटत नाही."

या उत्तराचे काय करायचे, यावर वैद्यकात आजही एकमत नाही. आणि प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले गेले. मुंबई आणि गोवा त्या आठांत होते. सुमारे ११ टक्के लोकांची अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉईड, मंद असल्याचे आढळले. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या तिपटीच्या घरात होते. पाहणीतल्या साडेतीन टक्के लोकांना तर आपल्याला हा आजार आहे हे रक्त तपासेपर्यंत माहीतच नव्हते.

मेंढीच्या ग्रंथीपासून पांढऱ्या गोळीपर्यंत

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिच्या संप्रेरकावर शरीराची ऊब, हृदयाचे ठोके, आतड्यांची चाल, केसांची वाढ आणि मनाची उभारी अवलंबून असते. ती मंदावली की काय होते, याचे नेमके वर्णन १८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी केले. त्यांच्यासमोर प्रौढ स्त्रिया होत्या: चेहरे सुजट, जीभ जड, बोलणे आणि हालचाली संथ. पुढे विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला मिक्सिडिमा हे नाव दिले. स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियांत निष्णात होते. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्याच रुग्णांची नंतर काय दशा झाली, हे त्यांनी १८८३ मध्ये जाहीरपणे मांडले. ग्रंथी नसली तर माणूस खंगतो, हे त्यातून कळले.

उपाय सापडला १८९१ मध्ये, इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. काही महिन्यांत तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, बोलणे मोकळे झाले, ती चालू-फिरू लागली. पुढे अर्क पोटातून दिला तरी चालतो हे कळले आणि टोचणे थांबले. ती बाई आणखी २८ वर्षे जगली. १९१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी ती वारली, तोवर ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या औषधासाठी लागल्या होत्या. जे शरीर बनवू शकत नाही ते बाहेरून द्यायचे, या उपचाराचा तो पहिला मोठा विजय होता. आजची गोळी त्याच तत्त्वावर चालते.

अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी या संप्रेरकाचे स्फटिक वेगळे केले. काही ग्रॅम स्फटिकांसाठी डुकरांच्या ग्रंथी टनांच्या हिशेबाने लागत. १९२० च्या दशकात चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना शोधली आणि ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. त्याच्या रेणूत आयोडिनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-फोर म्हणतात. १९५२ मध्ये लंडनला जॅक ग्रॉस आणि रोझालिंड पिट-रिव्हर्स यांना तीन अणूंचे भावंड सापडले: टी-थ्री. ते टी-फोरपेक्षा कितीतरी जोरकस निघाले. आज जो वाद चालू आहे त्याचे मूळ या दोन भावंडांत आहे.

आकडा प्रमाण कसा झाला

१९७० पर्यंत डॉक्टर प्राण्यांच्या ग्रंथीची वाळवलेली पूड देत, कोणी टी-फोर देत, कोणी दोन्ही मिसळून. डोस ठरे तो नाडी, वजन, त्वचा आणि रुग्णाचे म्हणणे पाहून. मग दोन गोष्टी जवळपास एकाच काळात घडल्या. १९७० मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले की ग्रंथी नसलेल्या माणसालाही नुसते टी-फोर दिले तर शरीर त्यापासून आपले टी-थ्री बनवून घेते. म्हणजे एकच औषध पुरेसे. आणि रक्तातील टीएसएच अचूक मोजण्याची पद्धत हाती आली.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीचे संप्रेरक. रक्तात थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की ते वाढते, जास्त झाले की घटते. या मोजमापाने फार मोठे काम केले. पूर्वी दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅमचे डोस सर्रास दिले जात. ते अनेकांना जास्त होते, हे यातून उघड झाले. जास्त डोस हे साधे दुखणे नव्हे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १९९४ च्या अभ्यासात साठीपुढील ज्या लोकांचा टीएसएच फारच खाली होता, त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. हाडेही ठिसूळ होतात. आकड्याला मान मिळाला तो अशा कामगिरीमुळे, हे विसरून चालणार नाही.

पण त्याच वेळी एक गोष्ट मागे पडली. रुग्णाला कसे वाटते, हा डोस ठरवण्याचा आधार राहिला नाही.

गोळी लागते कोणाला

टीएसएच वाढलेला आणि टी-फोर घटलेले, अशा रुग्णाला गोळी लागतेच. तिथे वाद नाही. बहुतेकदा कारण असते हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. ती ग्रंथी सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून गोळी बहुधा आयुष्यभराची.

वाद आहे तो सीमारेषेवर: टीएसएच थोडा वाढलेला, पण टी-फोर अजून ठीक. आठ शहरांच्या पाहणीत ८ टक्के लोक या गटात होते. आता 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये थायरॉईडची तपासणी असतेच. कुठलीही तक्रार नसताना तपासलेल्या रक्तात ६ किंवा ७ आकडा येतो, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी फिरते की हिला थायरॉईड झाला.

युरोपात ६५ वर्षांपुढील ७३७ जणांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. वर्षभराने थकव्यात आणि इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या तज्ज्ञगटाने असे पुरावे एकत्र करून या सीमारेषेवरच्या प्रौढांना गोळी देऊ नये, अशी ठाम शिफारस केली; गर्भधारणेच्या तयारीत असलेल्या स्त्रिया आणि २० च्या वर टीएसएच असलेले रुग्ण मात्र त्यातून वगळले. इस्रायलमधील एका मोठ्या अभ्यासात ५.५ ते १० दरम्यान टीएसएच असलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांचा आकडा पाच वर्षांत आपोआप पूर्वपदावर आला होता.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे वजनदार आहे. त्या चाचणीतले लोक वयस्कर होते आणि मुळात त्यांना तक्रारी फारशा नव्हत्या. तिचा निष्कर्ष थकून गेलेल्या पस्तिशीच्या बाईला कसा लावायचा? म्हणून अनेक डॉक्टर टीएसएच १० च्या वर गेला तर गोळी देतात. खाली असला तर वय, लक्षणे आणि ग्रंथीविरोधी प्रतिपिंडे पाहून ठरवतात. मात्र एका रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत. ही साधी गोष्ट पाळली गेली तरी अनेक बाटल्या उघडाव्या लागणार नाहीत.

गरोदरपणाचा हिशेब वेगळा. पहिल्या तिमाहीत बाळ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीला दिवस राहताच डोस वाढवावा लागतो, म्हणून तिने तत्काळ डॉक्टरांना गाठावे. सीमारेषेवरच्या गर्भवतींबाबत मात्र मते बदलत गेली. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०११ मध्ये पहिल्या तिमाहीसाठी २.५ ची मर्यादा सांगितली होती, ती २०१७ मध्ये सुमारे ४ पर्यंत सैल केली.

पोटात गेली, पण अंगी लागली का?

औषध बदलायचे की नाही, या चर्चेआधी विचारायचा हा प्रश्न. बहुतेक वेळा तो विचारलाच जात नाही.

एक नेहमीची सकाळच पाहा. सहाला गोळी, सव्वासहाला दुधाचा चहा, नाश्त्यानंतर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी, पित्त होते म्हणून पॅन्टोप्राझोल. गोळी एकही दिवस चुकत नाही आणि टीएसएच तरीही ९. मग डोस वाढतो. पुढे कॅल्शियमचा कोर्स संपतो, वाढलेला डोस पूर्ण शोषला जातो, छातीत धडधड सुरू होते. मग डोस कमी. असे हेलकावे वर्षानुवर्षे चालतात आणि दोष गोळीच्या माथी जातो. लोह आणि कॅल्शियम या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. कॉफीमुळे शोषण घटते हे सिद्ध झाले आहे. पित्ताच्या गोळ्यांनीही घटते.

सकाळ जमतच नसेल तर रात्रीचा पर्याय आहे. नेदरलँड्समध्ये ९० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झोपताना घेतलेली गोळी सकाळच्या गोळीपेक्षा चांगली लागू पडली. अट एकच, जेवण होऊन तीनेक तास झालेले असावेत. आपल्याकडच्या उशिराच्या जेवणात हे अवघड, पण वेळेवर जेवणाऱ्या घरात जमण्यासारखे आहे. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या रक्ततपासणीचा आकडाच फसवा करू शकतात, म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या थांबवायला सांगतात. बाटली गॅसच्या वरच्या फळीवर नको आणि न्हाणीघरातही नको. ऊब आणि दमट हवा दोन्ही या औषधाला सोसत नाहीत. कोकणातल्या पावसाळ्यात हे विशेष सांभाळायला हवे. डोस बदलल्यावर दोन आठवड्यांत तपासणी करून उपयोग नाही, कारण हे औषध शरीरातून निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. आकडा स्थिरावायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात.

गोळीचा घटक तोच, पण बांधणी बदलली तर? फ्रान्समध्ये मार्च २०१७ पासून लेव्होथायरॉक्स या गोळीत लॅक्टोजऐवजी मॅनिटॉल आणि सायट्रिक अ‍ॅसिड आले. औषधाचे प्रमाण अधिक काटेकोर राहावे, हा हेतू होता. सुमारे तीस लाख लोक ती गोळी घेत होते. थकवा, चक्कर, केस गळणे अशा हजारो तक्रारी आल्या, विनंतीपत्रांवर लाखो सह्या झाल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जुनी गोळी पुन्हा आणावी लागली. त्याआधी न्यूझीलंडमध्येही एल्ट्रॉक्सिनची बांधणी बदलल्यावर तक्रारींची लाट आली होती. तिथल्या संशोधकांना दिसले की तक्रारींचा ओघ बातम्यांच्या ओघाबरोबर वाढत होता. म्हणजे भीतीचा वाटा होता. पण सगळी भीतीच होती, असे म्हणायला पुरावा नाही. इतक्या सूक्ष्म मापाच्या औषधात थोडा फरकही काहींना जाणवू शकतो. म्हणून दुकानदाराने दुसरा ब्रँड दिला तर ती तारीख लिहून ठेवावी आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पाहावा, हा सल्ला अनेक तज्ज्ञ देतात.

टी-थ्रीचा वाद

सगळे नीट झाले. गोळी योग्य वेळी, टीएसएच दोनच्या आसपास. तरीही काही जण थकलेले, डोके जड, वजन हटत नाही. अशांचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के धरले जाते. खरी चर्चा यांच्यासाठी आहे.

निरोगी ग्रंथी मुख्यतः टी-फोर सोडते, पण थोडे टी-थ्री थेटही सोडते; शरीरातील एकूण टी-थ्रीपैकी सुमारे पाचवा हिस्सा असा येतो. नुसत्या टी-फोरच्या गोळीवर जगणाऱ्याला हा पाचवा हिस्सा मिळत नाही. सगळा भार रूपांतरावर. ते प्रत्येक अवयवात सारखे होते का? ग्रंथी काढलेल्या उंदरांवरील २०१५ च्या प्रयोगात अंतोनियो बियांको यांच्या गटाला दिसले की नुसत्या टी-फोरने टीएसएच जागेवर येतो, पण काही अवयवांत टी-थ्री कमीच राहते. टीएसएच ठरवणारा मेंदूचा भाग समाधानी, बाकीचे शरीर उपाशी, असे काहीसे चित्र.

माणसांवरचा पुरावा इतका सरळ नाही. १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ३३ रुग्णांची चाचणी आली. टी-फोरच्या डोसातले ५० मायक्रोग्रॅम काढून साडेबारा मायक्रोग्रॅम टी-थ्री दिल्यावर त्यांचे मन आणि स्मरण सुधारले. रुग्णांना आशा वाटली, संशोधक कामाला लागले. पण २००६ पर्यंतच्या ११ चाचण्या, मिळून हजाराहून अधिक रुग्ण, एकत्र पाहिल्यावर फरक उरला नाही. बहुसंख्य तज्ज्ञ या निष्कर्षावर उभे आहेत: नुसते टी-फोर हाच प्रमाण उपचार. टी-थ्री रक्तात झपाट्याने चढते आणि उतरते, हृदयावर ताण येऊ शकतो, आणि दहा-वीस वर्षे घेतल्यावर काय होते याची माहिती तुटपुंजी आहे, ही त्यांची कारणे.

दुसरी बाजू विचारते, की त्या चाचण्यांत घेतले कोणाला? बहुतेकींत टी-फोरवर बरे असलेलेच रुग्ण जास्त होते. ज्यांना त्रास नाही त्यांना सुधारणा कशी दिसणार? २००९ मध्ये ब्रिटनमधून एक जनुकीय धागा पुढे आला. टी-फोरचे टी-थ्री करणाऱ्या विकराच्या जनुकात ठरावीक बदल असलेल्या, म्हणजे तिथल्या सुमारे १६ टक्के, लोकांना जोड उपचार अधिक मानवल्याचे दिसले. पुढचे अभ्यास त्याला एकमुखाने दुजोरा देत नाहीत. मग २०२१ मध्ये अमेरिकेत ७५ रुग्णांना आळीपाळीने तीन उपचार देऊन पाहिले: नुसते टी-फोर, टी-फोर आणि टी-थ्री, आणि प्राण्यांच्या ग्रंथीची पूड. एकूण फरक नाही. पण मुळात ज्यांच्या तक्रारी सर्वांत जास्त होत्या, त्या गटाला टी-थ्री असलेले उपचार मानवले. सरासरीत हरवलेली माणसे या एका निष्कर्षात दिसू लागली, म्हणून तो मोलाचा. मात्र गट लहान आहे.

युरोपीय थायरॉईड संघटनेने २०१२ मध्येच मधली वाट सांगितली: इतर सर्व कारणे तपासून झाली असतील, तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही महिने टी-थ्री जोडून पाहावे, फरक नसेल तर थांबवावे. २०२१ मध्ये अमेरिकी, ब्रिटिश आणि युरोपीय संघटनांनी एकत्र बसून पुढच्या चाचण्या कशा असाव्यात हे ठरवले. म्हणजे प्रश्न निकालात निघालेला नाही, हे त्यांनीही मान्य केले. ब्रिटनमध्ये पैशाचा मुद्दाही आडवा आला. तिथे टी-थ्रीच्या एका पाकिटाची किंमत २००९ मधील सुमारे २० पौंडांवरून २०१७ पर्यंत २४८ पौंडांवर गेली. स्पर्धा नियामकाने २०२१ मध्ये कंपन्यांना १० कोटी पौंडांहून अधिक दंड केला. तोवर अनेकांचे चालू औषध बंद झाले होते.

पूड, काढे आणि इतर वाटा

डुकराच्या ग्रंथीची पूड अमेरिकेत आजही हजारो लोक पसंत करतात. २०१३ च्या एका चाचणीत ७० पैकी जवळपास निम्म्या रुग्णांना, काय घेतोय हे ठाऊक नसताना, ती बरी वाटली. टी-फोर आवडणारे १९ टक्क्यांच्या आसपास होते. आक्षेप असा की डुकराच्या ग्रंथीत टी-थ्रीचे प्रमाण माणसाच्या तिपटीहून जास्त असते आणि दोन बाटल्यांत सारखेपणाची खात्री कमी.

आपल्याकडे आयुर्वेदात गलगंडासाठी कांचनार गुग्गुळ परंपरेने दिला जातो. तो किंवा दुसरे कोणतेही औषध बंद पडलेल्या ग्रंथीच्या संप्रेरकाची जागा घेते, असे दाखवणाऱ्या भरवशाच्या मोठ्या चाचण्या नाहीत. त्यामुळे गोळी बंद करून दुसरी वाट धरणे धोक्याचे ठरते, आणि गरोदरपणात तर फारच.

अजून काय सुटायचे आहे

पहिली अडचण निदानाची. थकवा, केस गळणे, वजन वाढणे ही लक्षणे एकट्या थायरॉईडची नाहीत. रक्तक्षय, पाळी जाण्याचा काळ, झोपेतील श्वासाचे विकार, नैराश्य अशी कितीतरी कारणे असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून बी-१२ ची कमतरता आपल्या लोकांत किती पसरली आहे हे पुढे आले. थायरॉईडचे लेबल एकदा लागले की या कारणांचा शोध थांबतो. पण हाच मुद्दा उलटाही वापरला जातो. "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलेल्या बाईचे हिमोग्लोबिन किंवा बी-१२ पाहिलेले असतेच असे नाही.

दुसरी अडचण मोजण्याची. रक्तातले संप्रेरक मोजता येते, पण मेंदूत किंवा स्नायूत टी-थ्री पुरेसे आहे का, हे सांगणारी तपासणी दवाखान्यात उपलब्ध नाही. तिसरी, आणि आपल्यासाठी महत्त्वाची: वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्या युरोप-अमेरिकेतल्या आहेत. वेगळा आहार, लोहाची कमतरता, मीठ आयोडिनयुक्त झाल्यानंतरची पिढी, या सगळ्यांत टीएसएचची योग्य मर्यादा कोणती, हे इथल्या लोकांवरच तपासावे लागेल.

तोवर रुग्णाच्या हाती एक काम आहे. पुढच्या तपासणीला जाताना एक कागद बरोबर न्यावा. त्यावर गोळीचा ब्रँड आणि डोस, ती घेण्याची वेळ, त्यानंतर किती मिनिटांनी चहा, दिवसभरातल्या बाकीच्या सगळ्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा, जुने टीएसएच तारखांसह, आणि सध्या सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो ते दोन ओळींत लिहावे. डॉक्टरांनी तो रिपोर्टच्या आधी वाचावा.